दहावा कामगार: कामगार कायद्यांमुळे लहान उद्योग लहानच राहतात का?

लेथवाला
नमस्कार मंडळी,

सुट्या भागांचं जॉबवर्क करणारी छोटी कार्यशाळा चालवतो. हजेरीपटावर नऊ जण आहेत. काम वाढलंय, जास्तीचं मशीन आणून ठेवलंय, आणखी तीन माणसं घेतली की दुसरी पाळी सुरू होईल. पण ज्याला विचारावं तो एकच सल्ला देतो: दहावर जाऊ नका, कामगार कायदे लागू होतात. घ्यायचीच असतील तर ठेकेदाराकडून घ्या, नाहीतर भावाच्या नावावर दुसरी आस्थापना दाखवा. एका छपराखाली दोन पाट्या लावलेले उद्योग माझ्या ओळखीत कितीतरी आहेत.

वाचायला लागल्यावर कळलं की हा एकट्यादुकट्या देशाचा प्रश्न नाही. श्रीलंकेत कामावरून काढण्यासंबंधीचा १९७१चा कायदा १५ कामगारांपासून लागू होतो. पेरूत लहान उद्योगांना नियमांत मिळणाऱ्या सवलतींची हद्द १० कामगारांवर होती. भारतात तर १०, २०, १००, ३०० असे आकडेच आकडे. आणि जवळजवळ सगळ्या विकसनशील देशांत चित्र तेच: असंख्य चिमुकले उद्योग, मोठे मोजकेच.

कामगाराला संरक्षण हवं की नको, हे मी विचारत नाही. हवंच. माझ्याकडची माणसं माझ्याच भरवशावर संसार चालवतात. विचारायचं आहे ते असं: उद्योग वाढत नाहीत याचं खरं कारण कायदा आहे, की कायद्याकडे बोट दाखवून आपण दुसरंच काही झाकतोय? आणि कायदा सैल केला तर ते खरंच वाढतील का? अनुभव आणि अभ्यास दोन्ही सांगा, घोषणा नकोत.

शंकासूर
जावई दहावा ग्रह असतो हे माहीत होतं, कामगारही असतो हे आज कळलं :)

गंमत बाजूला. माझं मत ठाम आहे: कायदाच आडवा येतो. ज्या क्षणी माणूस मोजून जबाबदारी वाढवता, त्या क्षणी माणूस घेण्यावर दंड लावता. मशीन घेतलं तर कोणी विचारत नाही, माणूस घेतला की वह्या, विवरणपत्रं, तपासण्या. मग मालक मशीन घेतो. ज्या देशांत हातांना काम हवंय तिथे हे उलटंच झालं.

हजेरीपट
पगारपत्रकं आणि कायदेशीर पूर्ततेची कामं करते, म्हणून आधी आकडे नीट मांडते. भारताचं उदाहरण घेऊ, कारण तिथे हद्दी जास्त आहेत.

१९४८च्या कारखाने कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्याला १० कामगार, विजेशिवाय २०. भविष्य निर्वाह निधीला २०. कामगार कपात करण्याआधी किंवा कारखाना बंद करण्याआधी सरकारी परवानगी घेण्याची अट १९७६ साली आली ती ३०० कामगारांसाठी. १९८२च्या दुरुस्तीने ती १०० वर उतरवली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यात ती पुन्हा ३०० वर गेली आणि कारखान्याची हद्द २० आणि ४० झाली. म्हणजे तुम्हाला मिळणारा 'दहा'चा सल्ला काही बाबतींत जुना झालाय, काही बाबतींत अजून खरा आहे. ग्रॅच्युइटीसाठी आकडा दहाच आहे.

पण ग्राहकांना मी आवर्जून सांगते ती बाब वेगळी. १९५२च्या भविष्य निर्वाह निधी कायद्यात एकदा २० कामगार झाले की पुढे ते कमी झाले तरी कायदा सुटत नाही. आत जायचं दार आहे, बाहेर यायचं नाही. ज्याचं काम हंगामी आहे, ज्याला चार महिने माणसं जास्त लागतात, तो २०च्या आसपास फिरकतच नाही. त्याला निधीची वर्गणी देणं जड जातं असं नाही. परतीची वाट नाही, हे जड जातं.

वाचनमात्र
वाचतोय. चांगला धागा.

अर्थवेध
अभ्यास मागितले आहेत म्हणून लिहितो. चित्र सरळ नाही.

कायद्याकडे बोट दाखवणारा सर्वांत गाजलेला अभ्यास टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस यांचा, २००४चा. १९५८ ते १९९२ या काळात भारतातल्या ज्या राज्यांनी औद्योगिक विवाद कायदा कामगारांच्या बाजूने वळवला, तिथे नोंदणीकृत कारखानदारीतलं उत्पादन, गुंतवणूक आणि रोजगार मागे पडले, शहरी गरिबी वाढली, असा त्यांचा निष्कर्ष. कोणती दुरुस्ती कोणाच्या बाजूची, हे त्यांनी ज्या रीतीने ठरवलं त्यावर पुढे बरेच आक्षेप आले, तरी धोरणकर्त्यांवर त्याचा पगडा राहिला.

दुसरीकडे चांग-ताई शिए आणि बेंजामिन ओल्केन यांनी २०१४ मध्ये भारत, इंडोनेशिया आणि मेक्सिको इथले सगळे उद्योग, नोंदणी नसलेल्यांसह, एका आलेखावर मांडले. कायद्याची हद्द खरोखर वाढ रोखत असेल तर हद्दीच्या अलीकडे उद्योगांची गर्दी दिसायला हवी. नाव घ्यावं अशी गर्दी त्यांना दिसली नाही. विकसनशील देशांत मधल्या आकाराचेच उद्योग गायब असतात असं म्हणतात, तसंही नाही. मधलेही कमी आणि मोठेही कमी. बहुतेक उद्योग हद्दीपासून फार फार खाली आहेत.

शिए आणि पीटर क्लेनो यांचा त्याच वर्षीचा दुसरा लेखही बघा. अमेरिकेत कारखाना वयाबरोबर मोठा होत जातो, मेक्सिकोत थोडासा होतो, भारतात बहुतेक कारखाने म्हातारे होतात पण वाढत नाहीत. दोन माणसांवरून चारवर न जाणाऱ्या उद्योगाला शंभराच्या अटीने अडवलं, असं म्हणता येत नाही.

शंकासूर
@अर्थवेध, आलेखात गर्दी नाही म्हणून अडथळा नाही? लेथवालासाहेब डोळ्यांनी बघतायत ते काय मग?

लेथवाला
मलाही तोच प्रश्न पडला. मी बघतो त्यांच्यातले बरेच 'नऊ' मुळात नऊ नाहीतच. मोजणीला येणाऱ्याला जे सांगतात ते आणि पाळीवर असतात ते, यांत फरक असतो.

अर्थवेध
योग्य शंका आहे. नेमक्या याच ठिकाणी अमृत अमिरापु आणि मायकेल गेच्टर यांनी काम केलंय (२०२०). भारतातल्या दहा कामगारांच्या हद्दीभोवतीचं वितरण त्यांनी तपासलं, चुकीची माहिती दिली जाते हे गृहीत धरून. हद्द ओलांडल्यावर दरडोई कामगार खर्च साधारण ३५ टक्क्यांनी वाढल्यासारखा उद्योग वागतात, असं त्यांना दिसलं. कायद्यात लिहिलेल्या तरतुदींचा हिशेब केला तर एवढा खर्च निघत नाही. मग हा येतो कुठून? जिथे भ्रष्टाचार जास्त तिथे हा भार जास्त, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष.

म्हणून 'कायदा' हा शब्द वापरताना आपण दोन गोष्टी एकत्र करतो. एक, कामगाराला काय मिळायचं ते. दुसरी, ते मिळतंय की नाही हे बघायला येणाऱ्या माणसाच्या हातात किती मनमानी आहे ती.

हजेरीपट
+१. वर्गणी ठरलेली असते, ती किमतीत धरता येते. तपासणीला कोण येईल आणि काय म्हणेल, हे धरता येत नाही.

निवृत्त_तपासनीस
हयातभर या खात्यात काम केलंय, त्यामुळे अंगावर घेऊन लिहितो.

भ्रष्टाचार होतो, नाकारत नाही. पण तो कशातून उगवतो ते सांगतो. नियमांचा गठ्ठा एवढा मोठा की कोणत्याही कारखान्यात शिरलं तर काही ना काही चुकलेलं सापडतंच. रंगसफेदीची नोंदवही नाही, फलक ठरावीक भाषेत नाही, रजेची नोंद जुन्या नमुन्यात आहे. प्रत्येक जण दोषी असला की कोणाला धरायचं हे तपासनिसाच्या मर्जीवर जातं. मर्जी आली की सौदा आला. प्रामाणिक मालकाला याचा त्रास जास्त, कारण निर्ढावलेल्याने आधीच सोय लावलेली असते.

दुसरं म्हणजे आमची संख्या. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा जुना मापदंड आहे: औद्योगिक देशांत १०,००० कामगारांमागे एक तपासनीस, वेगाने औद्योगिक होणाऱ्या देशांत १५,००० मागे एक, अतिमागास देशांत ४०,००० मागे एक. गरीब देशांपैकी अनेकांना तोही गाठता येत नाही. मग तपासनीस जातो कुठे? ज्याचा पत्ता सापडतो तिथे, म्हणजे ज्याने नोंदणी केली आहे तिथे. न नोंदवलेल्याकडे कोणी फिरकत नाही. नोंदणी करणाऱ्याला ही शिक्षाच झाली.

उपाय म्हणून भारतात २०१४ पासून कोणता कारखाना तपासायचा हे संगणकाने ठरवायला सुरुवात झाली. ओळखीपाळखीचा दबाव त्याने कमी होतो, हे मी स्वतः बघितलं. पण माझा एक आग्रह आहे. कामगाराची तक्रार आली तर न सांगता जाता आलंच पाहिजे. श्रम संघटनेच्या १९४७च्या ८१ क्रमांकाच्या करारात तपासनिसाला पूर्वसूचनेशिवाय आत जाण्याचा अधिकार दिलाय तो उगाच नाही. आधी कळवून गेलं की यंत्रांना संरक्षक जाळ्या बसलेल्या असतात आणि अर्धे कामगार सुट्टीवर असतात.

याहून चांगली पद्धत लॅटिन अमेरिकेत काही ठिकाणी दिसते. डोमिनिकन प्रजासत्ताकात तपासनिसांची भरती वशिल्याऐवजी स्पर्धापरीक्षेने व्हायला लागली. ब्राझीलच्या तपासनिसांवर रॉबेर्तो पिरेस यांचा अभ्यास आहे. नुसता दंड करणाऱ्यांपेक्षा आणि नुसता उपदेश करणाऱ्यांपेक्षा, दंडाचा धाक ठेवून मालकाला तांत्रिक मार्ग शोधून देणाऱ्यांचं काम टिकलं. मला हे मनापासून पटतं. यंत्राला जाळी बसवली तर उत्पादन मंदावतं असं मालक म्हणतो, तेव्हा न मंदावणारी जाळी कुठली हे सांगता आलं पाहिजे. त्यासाठी तपासनिसाला यंत्र कळावं लागतं.

वाचनमात्र
काका, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका कृपया. साठवून ठेवला आहे.

पाळी_दुसरी
इथवर सगळे मालकाच्या आणि साहेबाच्या बाजूने बोलले. आता आमच्या बाजूने.

मी ज्या कार्यशाळेत काम शिकलो तिथे कागदावर नऊ होते, कामावर पंधरा. ते वरचे सहा म्हणजे आम्ही, नव्याने लागलेले. प्रेसवर, म्हणजे धातूला दाबून आकार देणाऱ्या यंत्रावर, माझ्याबरोबरच्या एकाची दोन बोटं गेली. मालक वाईट नव्हता, दवाखान्याचा खर्च त्याने केला. पण हजेरीपटावर नावच नाही म्हटल्यावर नुकसानभरपाई कुठली, विमा कुठला. तो तिथे कामाला होता हे सिद्ध करण्यातच त्याचा सगळा जोर गेला.

म्हणून 'हद्द वाढवा म्हणजे उद्योग वाढतील' असं कोणी सहज म्हणालं की मला राहवत नाही. हद्द दहावरून वीसवर नेली तर दहा ते एकोणीसमधले कामगार कायद्याच्या बाहेर गेले ना? मग तिथेही कागदावर एकोणीस आणि कामावर तीस होतील. प्रेस काय माणसं मोजून बोटं कापते?

जगात निम्म्याहून जास्त, श्रम संघटनेच्या २०१८च्या अंदाजाने ६० टक्क्यांहून अधिक, कामकरी असंघटित आहेत. दोन अब्ज माणसं. त्यांच्यापर्यंत कायदा पोचतच नाही आणि चर्चा मात्र कायदा जास्त झाला म्हणून.

धागेदोरे
@पाळी_दुसरी, शंभर टक्के सहमत. कपड्यांच्या निर्यातीत आहे मी. २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात राणा प्लाझा कोसळला, १,१०० हून अधिक माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामावर बोलावलं होतं. त्याच्या काही महिने आधी, सप्टेंबर २०१२ मध्ये, कराचीच्या कपडा कारखान्यातल्या आगीत २५० हून अधिक गेले. तेव्हा कायदे नव्हते का? होते. पाळले जात नव्हते.

आणि सुरक्षा वाढवली म्हणून बांगलादेशचा कपडा उद्योग बुडाला नाही. परदेशी ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात बंधनकारक करार झाला, इमारती तपासल्या, आगीचे दरवाजे बसले. निर्यात वाढतच गेली.

पण एक कडू बाब सांगायला हवी. १९९०च्या दशकात इंडोनेशियात ब्रँडवर दबाव आणून पगार वाढवून घेतले गेले. ॲन हॅरिसन आणि जेसन स्कोर्स यांनी त्याचा अभ्यास केला (२०१०). पगार खरोखर चांगले वाढले, एकूण रोजगार लक्षणीय घटला असं दिसलं नाही. मात्र नफा घटला आणि लहान कारखाने बंद पडण्याची शक्यता वाढली. मोठा निभावतो, लहान गळतो. लहानांचा विचार वेगळा करावा लागतो तो यासाठी.

आकडेमोड
धागेदोरे म्हणतात त्याला जोड: दक्षिण आफ्रिका. तिथे एखाद्या उद्योगातले मोठे मालक आणि संघटना मिळून पगाराचा करार करतात आणि मंत्री तो त्या भागातल्या सगळ्यांना लागू करतो, करारात नसलेल्यांनाही. जेरेमी मॅग्रुडर यांनी २०१२ मध्ये शेजारशेजारच्या भागांची तुलना करून दाखवलं की असे करार लागू झाले तिथे त्या उद्योगातला रोजगार ८ ते १३ टक्क्यांनी कमी आहे, आणि फटका मुख्यतः लहान उद्योगांना.

टेबलावर बसणारे मोठे आणि पगार ठरणार लहानांचा. यात कामगारविरोधी किंवा कामगारधार्जिणं असं काही नाही, लहान मालकाला आवाजच नाही.

शंकासूर
बघा, शेवटी माझ्याच मुद्द्यावर आलात.

आकडेमोड
अर्धाच आलो :) ब्राझीलचं ऐका. रीता अल्मेदा आणि पेद्रो कार्नेरो यांनी (२०१२) जिथे तपासण्या जास्त होतात तिथलं बघितलं. तुमच्या हिशेबाने कामगार असंघटित क्षेत्रात ढकलले जायला हवे होते. झालं उलटं. तळाच्या पगाराची नोंदणीकृत नोकरी लोकांना हवीहवीशी झाली, कारण कागदावरचे लाभ खरोखर मिळायला लागले. वरच्या पगाराच्या लोकांनी त्याची किंमत थोड्या कमी पगारातून मोजली.

कलम_२५
वकिली करतो, कामावरून काढण्याच्या मुद्द्यावर बोलतो. मालकांशी बोलताना मला हे सतत जाणवतं की भरपाई द्यायला बहुतेक जण तयार असतात. भीती असते ती खटल्याची. किती वर्षं चालेल आणि शेवटी काय निवाडा लागेल हे सांगता येत नाही. कामगारालाही तो निवाडा उपयोगाचा नसतो, तोवर त्याची उमेद गेलेली असते.

ब्राझीलचा इतिहास इथे फार बोलका आहे. १९४३च्या श्रमसंहितेत दहा वर्षं नोकरी झालेल्याला काढणं जवळजवळ अशक्य होतं. परिणाम काय? मालक दहा वर्षं भरायच्या आत माणूस काढायचे. १९६६ मध्ये त्यांनी दुसरी वाट काढली. मालकाने दर महिन्याला पगाराच्या ८ टक्के रक्कम कामगाराच्या नावच्या खात्यात भरायची आणि विनाकारण काढलं तर वर दंड, जो आज जमा रकमेच्या ४० टक्के आहे. पैसे आधीच जमा असतात, त्यामुळे उद्योग बुडाला तरी कामगार बुडत नाही. लहान उद्योगाच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं, कारण तो बुडतो तेव्हा देण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

चिलीने २००२ मध्ये असंच वैयक्तिक खात्याचं आणि जोडीला सामाईक निधीचं बेकारी विम्याचं रूप आणलं.

इंडोनेशिया याच्या उलट टोकाला. २००३च्या कायद्यात भरपाई भरघोस, पण पूर्ण रक्कम प्रत्यक्ष हातात पडायची थोड्यांच्या. २०२० मध्ये ती घटवून बेकारी विमा आणला, तर देशभर आंदोलनं पेटली आणि २०२१ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने कायदा करण्याच्या प्रक्रियेतच दोष काढला. कामगारांना विश्वासात न घेता चांगली गोष्टही गळी उतरत नाही.

शंकासूर
@कलम_२५, ब्राझीलच्या खात्याची दुसरी बाजू सांगायला हवी. पैसे काढायला मिळावेत म्हणून कामगार आणि मालक संगनमताने 'कामावरून काढलं' असं दाखवायचे, हा तिथला जुना रोग. आणि दरमहा ८ टक्के म्हणजे लहान उद्योगाच्या खेळत्या भांडवलातून जाणारा पैसा.

कलम_२५
मान्य. तरी परवानगीसाठी फाइल घेऊन हिंडण्यापेक्षा, आणि ठेकेदाराच्या आड लपण्यापेक्षा, मला तो रोग सौम्य वाटतो.

ठेकेदारावरून आठवलं. भारतात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कंत्राटी पद्धतीवर बंदी आली म्हणून कंत्राटी कामगार आपोआप मूळ कंपनीचा कायम कामगार होत नाही. त्यानंतर मोठ्या कारखान्यांत कंत्राटी कामगार झपाट्याने वाढले, आणि मोठे कारखाने आणखी मोठेही झाले. म्हणजे कायदा न बदलता वाट काढली गेली, पण ती मोठ्यांना परवडणारी वाट होती, आणि त्याची किंमत एकाच मशीनवर अर्ध्या पगारात काम करणाऱ्याने मोजली.

पाळी_दुसरी
शेवटचं वाक्य लाखमोलाचं.

घडीव
कायदा, कायदा आणि कायदा. वाढ न होण्याची बाकीची कारणं कोणी बोलणार की नाही? मूळ प्रश्नाचा अर्धा भाग तोच आहे.

निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी (२०१३) भारतातल्या कापड गिरण्यांमध्ये प्रयोग केला. काही गिरण्यांना व्यवस्थापनाचं प्रशिक्षण फुकट दिलं. म्हणजे काय, तर सूत नीट रचून ठेवा, बिघाडाची नोंद करा, दोष मोजा. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. मग या गोष्टी आधी का नव्हत्या? आणि चांगली गिरणी वाईट गिरणीला मागे टाकून मोठी का झाली नव्हती? कारण मालक घराबाहेरच्या माणसावर विश्वास टाकत नव्हता. गिरणी किती मोठी होणार हे घरात पुरुष किती यावर ठरत होतं! मुलींची तर मोजणीच नाही.

मी स्वतः वडिलांच्या उद्योगात उतरले तेव्हा हे अनुभवलंय. बाहेरच्या कुशल व्यवस्थापकाला तिजोरीची किल्ली द्यायची नाही आणि मुलीला कारखान्यात उभं करायचं नाही, मग दोन माणसांच्या डोक्यात मावेल एवढाच उद्योग राहणार.

दुसरं, भांडवल. नायजेरियात २०११ मध्ये सरकारने उद्योग-आराखड्यांची स्पर्धा घेतली, विजेत्यांना सरासरी ५०,००० डॉलर दिले. डेव्हिड मॅकेन्झी यांनी मागोवा घेतला. तीन वर्षांनी विजेत्यांचा उद्योग दहा किंवा अधिक कामगारांवर गेलेला असण्याची शक्यता इतरांपेक्षा २० टक्केबिंदूंहून जास्त होती. कायदा सगळ्यांना एकच होता. पैसा मिळाला, त्यांनी दहावा माणूस घेतला.

अर्थवेध
@घडीव, फार योग्य वेळी आणलंत. जागतिक बँक उद्योगांची जी सर्वेक्षणं घेते त्यांतही विकसनशील देशांतले मालक आधी कर्ज, वीज, कर आणि नोंदणी न केलेल्यांची स्पर्धा यांची नावं घेतात. कामगार कायदे बहुतेक देशांत यादीत बरेच खाली असतात.

आणि नोंदणीबद्दल. पेरूचे अर्थतज्ज्ञ एर्नांदो द सोतो यांच्या संस्थेने १९८०च्या दशकात लिमामध्ये एक शिवणकामाची कार्यशाळा नोंदवून बघितली, २८९ दिवस लागले. तेव्हापासून 'नोंदणी सोपी करा, उद्योग आपोआप वाढतील' हा मंत्र झाला. श्रीलंकेत सुरेश डी मेल, मॅकेन्झी आणि वुड्रफ यांनी (२०१३) तो तपासला. माहिती दिली, शुल्क परत केलं, तरी कोणी हललं नाही. महिन्याभराच्या नफ्याच्या आसपास रक्कम दिली तेव्हा सुमारे पाचवा हिस्सा नोंदणीला तयार झाला, दोन महिन्यांच्या नफ्याएवढी दिल्यावर निम्मे. नंतर सरासरी नफा वाढला, पण तो थोड्याच उद्योगांमुळे. बहुतेक जण जिथल्या तिथे.

लेथवाला
घडीवताई, तुमच्या प्रतिसादाने विचारात पाडलं. माझ्याकडेही मोजमाप तपासून माल सोडायचं काम मी आणि भाऊ सोडून कोणी करत नाही. दुसरी पाळी सुरू केली तर रात्री कोण थांबणार, याचं उत्तर कायद्यात नाही.

आणखी एक, जे कोणीच बोललं नाही: उधारी. मोठ्या कंपन्या माल घेतात आणि पैसे महिनोन्महिने थांबवतात. पगार मात्र महिन्याला द्यायचाच. नवीन माणूस घेताना माझ्या मनात पहिला विचार 'बिल अडकलं तर याचा पगार कशातून' हा येतो, तपासनिसाचा दुसरा. मोठ्यांनी वेळेत पैसे द्यावेत हा नियम कामगारांच्या नियमांत कोणी मोजत नाही, पण लहान उद्योगातल्या रोजगाराशी त्याचा थेट संबंध आहे.

हजेरीपट
अगदी. माझ्या ग्राहकांचं वर्गणीचं चलन थकतं ते जवळपास नेहमी येणं थकल्यामुळे. आणि थकलं की दंड आणि व्याज लहानालाच.

कलम_२५
मग हद्दींचं काय करायचं? पेरूने एक वेगळा प्रयोग केलाय. २००३ मध्ये दहापर्यंत कामगार असलेल्या सूक्ष्म उद्योगांना हलके नियम दिले. उदाहरणार्थ, ३० ऐवजी १५ दिवसांची रजा. २०१३ मध्ये कामगारांची संख्या मोजणंच काढून टाकलं आणि वार्षिक विक्रीवर वर्गवारी नेली. शिवाय विक्रीची मर्यादा ओलांडली की दुसऱ्या दिवशी सवलत जात नाही, सावरायला वेळ मिळतो. माणूस घेण्यावरचा दंड तरी गेला.

पाळी_दुसरी
पण पंधरा दिवस रजा कापली ती कामगाराचीच ना? सवलत द्यायचीय तर सरकारने वर्गणीचा वाटा उचलावा. मालकाला सवलत आणि बिल कामगाराच्या नावावर, हे मला पटणार नाही.

माझं म्हणणं स्पष्ट लिहितो. यंत्राची सुरक्षा, किमान वेतन, अपघाताची भरपाई, हजेरीपटावर नाव: पहिल्या कामगारापासून, आकडा न बघता. वह्या, विवरणपत्रं, समित्या, परवानग्या: त्या उद्योगाच्या आकारानुसार हळूहळू वाढवा, माझी हरकत नाही. आज उलट आहे. लहानाला सुरक्षेतून सूट आणि हद्द ओलांडणाऱ्यावर कागदांचा डोंगर.

निवृत्त_तपासनीस
याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. खात्यात असताना हेच सांगत आलो. आमचा वेळ वह्या तपासण्यात गेला, प्रेसजवळ उभं राहायला उरला नाही.

शंकासूर
पाळी_दुसरी यांची विभागणी मलाही मान्य. पण एका मुद्द्यावर मी हटणार नाही. किमान वेतन पहिल्या कामगारापासून म्हणताना ते किती, हे महत्त्वाचं. देशाच्या सरासरी पगाराच्या जवळ नेलं तर दोन माणसांचा उद्योग ते देऊच शकत नाही, मग पुन्हा सगळं कागदाबाहेर. दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण वर आलंच आहे. इंडोनेशियाने तर २०२०च्या कायद्यात सूक्ष्म आणि लहान उद्योगांना किमान वेतनातून वगळलं.

आकडेमोड
वगळणं हा उपाय नाही, पातळी नीट ठरवणं हा आहे. लहान गावात एक-दोनच मालक असतील तर कामगाराला दुसरीकडे जायची सोय नसते, पगार मुद्दाम दाबलेला असतो. तिथे बेताच्या किमान वेतनाने रोजगार घटत नाही. ब्राझीलमध्ये नोंदणी नसलेल्या कामगारांचे पगारसुद्धा किमान वेतनाच्या आकड्याभोवती गोळा होतात, कारण सगळे तोच आकडा धरून बोलणी करतात. कायदा न पोचलेल्या ठिकाणी आकडा पोचतो.

शंकासूर
हे माहीत नव्हतं. यावर वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

घडीव
लेथवाला, मग तुमचं काय ठरतंय?

लेथवाला
भावाच्या नावावर दुसरी पाटी लावणार नाही, एवढं ठरलं. ज्यांनी माझ्याकडे काम केलं त्यांना ते कागदावर दिसायला हवं. तिघांना एकदम न घेता आधी एकाला घेतो, आणि आतल्याच एका जुन्या कारागिराला मोजमाप तपासायला शिकवतो, म्हणजे रात्रीच्या पाळीचा प्रश्न सुटेल. कायद्याचं सगळं पटलं असं नाही. एकदा हद्द ओलांडली की परत येता येत नाही, हे बदललंच पाहिजे.

पाळी_दुसरी
नेमणूकपत्र पहिल्या दिवशी द्या. काम काय, पगार किती, पाळी कुठली, एवढं लिहिलं तरी पुरे. आणि प्रेस असेल तर दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय न चालणारी जोडणी आधी करून घ्या, माणूस नंतर.

लेथवाला
प्रेस एकच आहे, जोडणी या आठवड्यात बघतो. नेमणूकपत्राचा साधा मसुदा कोणाकडे आहे का?

हजेरीपट
आहे, एका पानाचा. नावं काढून उद्या इथेच टाकते, म्हणजे इतरांनाही वापरता येईल.